स्विंडनहून सायकलवर निघताना: रस्ता कोणासाठी बांधला ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुण्याहून इंग्लंडमधल्या स्विंडनला येऊन आठ महिने झालेत, घरात तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी, जूनमध्ये आई-बाबा येणार आहेत. पुण्यात रविवारी सकाळी सायकल काढायची सवय होती, इथे खेड्यापाड्यातून निवांत फिरायचंय, पण पहिल्याच वेळी ॲपनं अशा रस्त्यावर नेलं की दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर झुडपं, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा आणि गाड्या मात्र सुसाट. तेव्हापासून मिसेस नको म्हणतायत. मग सुरुवात कुठून करायची आणि कुठले रूट घ्यायचे.

मिसेसना आधी सांगा की त्यांना वाटलेली भीती बरोबर होती, त्यात काही चूक नाही. मी बाथजवळ राहते, बावीस वर्षं झाली, त्यातली सतरा-अठरा वर्षं जवळजवळ दर रविवारी सायकलवर असते आणि गेली दहाएक वर्षं आपल्या मराठी कुटुंबांना, बहुतेक अगदी नवख्यांना, बरोबर घेऊन जाते, आणि मी आजही पहिल्या राइडला कुणाला तशा रस्त्यावर नेत नाही. त्या गावरस्त्यांवर पांढरी गोल पाटी असते, त्यावर काळा तिरका पट्टा. नवीन माणसाला वाटतं लिमिट संपलं म्हणजे आता हळू जायचा गावचा रस्ता आला, पण अशा रस्त्यावर त्या पाटीचा अर्थ ताशी ६० मैलांपर्यंत परवानगी, म्हणजे ९६ किलोमीटर. रस्ता कितीही अरुंद असो. ॲपला तो रस्ता "शांत" दिसतो कारण तिथून दिवसाला थोड्याच गाड्या जातात, पण त्या थोड्यांतली एक वळणावर समोर आली की शांतता कुठे राहते.

म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते, रूट निवडताना किती मैल आहे हे नंतर बघा, आधी बघा की हा रस्ता मुळात बांधला कोणासाठी. इथल्या ग्रामीण भागात सायकलवाल्याला मिळणारे रस्ते ढोबळमानानं तीन जातीचे. इंजिनासाठी बांधलेले, म्हणजे जुन्या बंद पडलेल्या रेल्वेलाइनी. घोड्यासाठी बांधलेले, म्हणजे कॅनॉलच्या कडेची टोपाथ, जिच्यावरून घोडा चालायचा आणि दोरानं बोट ओढायचा. आणि शेतकऱ्याच्या गाडीसाठी झालेले गावरस्ते. तिन्हींचा स्वभाव वेगळा, आणि तो एकदा कळला की नकाशा बघूनच अंदाज येतो की आपली पोर इथे रडेल की हसेल.

रेल्वेलाइनीपासून सुरू करा. कारण साधं आहे, लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे इंजिनाला चढ झेपत नाही. आपल्या भोर घाटात चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, तर गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात. हेच इथल्या गावरस्त्यांवर १:७ चे चढ सर्रास असतात. म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी टेकडी आली की खोदली, दरी आली की भराव घातला नाहीतर पूल बांधला, आणि फारच झालं तर बोगदा काढला. पुढे १९६३ मध्ये बीचिंग नावाच्या रेल्वेच्या अध्यक्षांचा अहवाल आला, त्यात २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ५,००० मैल लाइन बंद करायला सांगितलं होतं, आणि ते साठचं दशक म्हणजे गावोगावच्या लाइनी उखडण्याचा काळ. ज्या गावांची गाडी गेली त्यांचं नुकसान झालंच, मला आजही कुठल्या जुन्या प्लॅटफॉर्मवर गवत बघितलं की वाईट वाटतं. पण त्यातल्या बऱ्याच लाइनींचा सपाट, गाड्या नसलेला पट्टा मात्र आपल्यासाठी उरला.

तो पट्टा आपोआप सायकलचा झाला नाही हेही सांगते. १९७७ मध्ये ब्रिस्टलमध्ये सायकलबॅग नावाचा एक गट सुरू झाला, जॉन ग्रिमशॉ हे त्यातलं मुख्य नाव, आणि या लोकांनी बाथ ते ब्रिस्टल या बंद लाइनीवर स्वयंसेवक घेऊन, फावडी घेऊन, तुकड्यातुकड्यानं रस्ता केला. पहिला तुकडा १९७९ ला, पूर्ण झाला १९८६ ला. याच गटाची पुढे सस्ट्रान्स झाली, जिचं नाव आता वॉक व्हील सायकल ट्रस्ट आहे, आणि नॅशनल सायकल नेटवर्क म्हणून जे देशभर निळ्या पाट्यांवर लाल चौकोनात नंबर दिसतात ते यांचंच काम. पण एक लक्षात ठेवा, नंबर असला म्हणजे रस्ता गाड्यांविना आहे असं नाही. त्याच रूटचा अर्धा भाग जुन्या रेल्वेवर आणि अर्धा भाग तुम्हाला दिसला तसल्या गावरस्त्यावर असू शकतो. संस्थेनं स्वतःच २०२० मध्ये रस्त्यावरचे पुष्कळ भाग नेटवर्कमधून कमी केले, कारण ते नवख्याला सुरक्षित नव्हते. तेव्हा नकाशावर ट्रॅफिक-फ्री असं वेगळं दाखवलेलं आहे का ते बघूनच निघा.

तुमच्यासाठी पहिली राइड याच लाइनीवर: बिटन ते बाथ आणि परत. ब्रिस्टल-बाथ रेल्वे पाथ अख्खा १३ मैलांचा आहे, म्हणजे २१ किलोमीटर, डांबरी, रुंद, पण तो सगळा पहिल्या दिवशी करायची गरज नाही. बिटनला जुनं स्टेशन आहे, तिथे पार्किंग आहे, कॅफे आहे आणि एव्हन व्हॅली रेल्वे नावाची जुनी वाफेची गाडी पाथच्या अगदी शेजारून धावते, रोज नाही, ठरावीक दिवशी, म्हणून वेळापत्रक बघून दिवस ठरवा. बिटनपासून बाथ सहा मैलांच्या आसपास, जवळजवळ सपाट, वाटेत एव्हन नदी दोन-चारदा ओलांडता. जूनमध्ये आई-बाबा आले की हाच दिवस त्यांच्यासाठी ठेवा, आईंना सायकल नको असेल तर त्या वाफेच्या गाडीत बसतील, खिडकीतून नात सायकल मारताना दिसेल, आणि सगळे परत बिटनला चहाला भेटाल. बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर भाड्यानं इ-बाइक घ्या, २५० वॅटपर्यंतची आणि ताशी साडेपंधरा मैलांना मोटर बंद होणारी असेल तर लायसन्स लागत नाही. एवढंच की हा पाथ सोमवार ते शुक्रवार सकाळ-संध्याकाळ ऑफिसवाल्यांचा हायवे असतो, त्या वेळी मुलीला घेऊन जाऊ नका, रविवारी सकाळी नऊला जा.

ही राइड नीट झाली, मुलगी परत कधी जायचं विचारायला लागली, की दुसरी राइड टू टनेल्स. माझ्या मते अख्ख्या दक्षिण इंग्लंडमध्ये एका दिवसात एवढं दाखवणारा दुसरा रूट नाही. १३ मैलांचा गोल आहे, बाथमधून निघून बाथमध्ये परत. आधी सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेची जुनी लाइन, १९६६ ला बंद झालेली. शहरातून बाहेर पडताना १:५० चा चढ आहे, रेल्वेच्या हिशोबात हा खडा चढ, सायकलवर मात्र एक गिअर खाली घेतला की गप्पा मारत चढता येतो. मग डेव्हनशर टनेल, सुमारे ४०० मीटर, तो नुसती तयारी आहे. खरा बोगदा पुढचा, कूम डाऊन, १,६७२ मीटर, एप्रिल २०१३ ला उघडला, सायकलसाठी देशातला सगळ्यात लांब.

आत शिरताना काय होतं ते सांगते म्हणजे मुलीची तयारी करता येईल. तोंडाशी यायच्या आधी वीस-तीस पावलांवरच गार हवेचा झोत अंगावर येतो, फ्रिजचं दार उघडल्यासारखा, भर जुलैतसुद्धा. आत दिवे आहेत पण मंद, आणि पलीकडचं तोंड दिसत नाही, त्यामुळे पहिली दोन मिनिटं मुलं गप्प होतात. मग मधल्या टप्प्यात भिंतीतले दिवे तुम्ही जवळ गेलात की उजळतात आणि सूर ऐकू यायला लागतात, हळू, लांबवलेले, तिथे माझ्याबरोबरची बहुतेक मुलं ब्रेक लावतात आणि उभी राहतात. उभं राहू द्या. फक्त डावीकडे घेऊन उभं करा, मागून येणाऱ्याला अंदाज येत नाही. या बोगद्याला हवा खेळायला वरून भोकंच नाहीत, त्याचे परिणाम वाफेच्या इंजिनाच्या काळात भयंकर असायचे, १९२९ मध्ये एका मालगाडीचे ड्रायव्हर-फायरमन धुरानं बेशुद्ध पडले, गाडी तशीच बाहेर आली आणि उतारावरून बाथच्या यार्डात जाऊन आदळली. तिघं गेले. मी मोठ्या मुलांना हे बाहेर पडल्यावर सांगते, आत नाही.

बाहेर आलात की एकदम ऊन, हिरवं आणि पूल. मिडफर्डला लाइन सोडून मंक्टन कूमकडे वळायचं, हा मधला तुकडा गावरस्त्याचा आहे, थोडा चढउतार, इथे मुलीला मधे ठेवा, एक मोठा पुढे आणि एक मागे. मागचा माणूस तिच्या किंचित उजवीकडे चालवतो म्हणजे गाडीवाल्याला ती दोघं मिळून एक दिसतात आणि तो लांबून ओव्हरटेक करतो. २०२२ पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवायला सांगितलंय, बहुतेक जण ठेवतात. मग पुढे डंडस ॲक्वडक्ट. म्हणजे काय, तर दरीवर बाथच्या पिवळसर दगडाचा भलामोठा पूल, आणि पुलावर रस्ता नाही, पाणी. कॅनॉल पुलावरून चाललाय, खाली नदी आहे आणि नदीच्या शेजारी रेल्वे. जॉन रेनी या इंजिनिअरचं काम, हा केनेट अँड एव्हन कॅनॉल १८१० ला पूर्ण झाला. कठड्याला सायकली टेकवा आणि डबे इथे उघडा. कॅफेवर विसंबू नका, दुपारी चारला बंद होतात, रविवारी तर त्याआधी, मी आजवर दर वेळी गूळ-तूप पोळीचे रोल आणि थर्मासमध्ये चहा नेलाय आणि दर वेळी ते संपलेत.

आता इथून बाथपर्यंत टोपाथ, म्हणजे घोड्याचा रस्ता. पाणी सपाट असतं म्हणून रस्ता सपाट, चढ नावालाही नाही, फक्त जिथे लॉक असतं, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारा दरवाज्यांचा हौद, तिथे चार पावलांचा आखूड पण खडा चढ येतो. पण घोडा एकटा चालायचा, म्हणून वाट अरुंद. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला आग्या पानांचं नेटल, हात लागला तर तासभर झोंबतं, त्यामुळे मुलीला पूर्ण बाह्या घाला. कमानीच्या पुलाखाली पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही आणि डोकं आपटतं, तिथे उतरून चाला, चालवत जाऊ नका. मासे धरणारे लोक लांबलचक काठी वाटेवर आडवी मागे सरकवतात, लांबूनच घंटी वाजवून थांबलात तर ते उचलतात आणि हसून बोलतात. बोटींचे दोर, कुत्री, पिल्लंवाले हंस, सगळं आहे. हंसाची मादी पिल्लांसोबत असेल तर सायकल तिच्या आणि आपल्या मधे धरून सावकाश चालत जायचं. इथे वेग धरायचाच नसतो, आणि ज्यांना तो धरायचाय त्यांनी ही वाट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घाबरवून आपण काय मिळवतो. एप्रिल-मेमध्ये गेलात तर या दरीत रानलसूण फुललेली असते, पांढरी फुलं आणि लसणाच्या फोडणीचा वास, माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा विचारत होत्या की इथे कोणाचं घर आहे, स्वयंपाक चाललाय.

कॅनॉल आवडला तर पुढच्या वेळी बाथहून उलट दिशेला ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन, दहा मैलांच्या आसपास. वाटेत एव्हनक्लिफला दुसरा ॲक्वडक्ट, त्याची मधली कमान बांधल्यावर लगेचच थोडी खचली ती आजही तशीच आहे, बघा. ब्रॅडफर्डला चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार आहे, आत जाऊन वर लाकडी छताकडे बघायचं, आणि थकलात तर तिथून ट्रेननं बाथ. त्याच्याही पुढे डिव्हायझेसला केन हिल, दोन मैलांत २९ लॉक, एका टेकडीवर पायऱ्या लावल्यासारखी, पण ते मुलगी अकरा-बारा वर्षांची झाल्यावर.

तुमच्या घराजवळही आहे. स्विंडनच्या दक्षिणेला चिझलडन, तिथून मार्लबरोपर्यंत जुनी रेल्वे, रूट ४८२, सात मैलांच्या आसपास. डांबरी नाही, पावसानंतर चिखल होतो, म्हणून मे ते सप्टेंबर. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी जायला हीच बरी. आणि यॅटन ते चेडरची स्ट्रॉबेरी लाइन, दहा मैल, या गाडीनं स्ट्रॉबेऱ्या जायच्या म्हणून हे नाव, सप्टेंबरात सफरचंदांच्या बागा भरलेल्या असतात. तिथे ॲक्सब्रिजच्या अलीकडचा बोगदा अंधारा आहे, दिवा न्या.

गावरस्ते कधी? माझं उत्तर, पहिल्या उन्हाळ्यात नकोच, मधले छोटे तुकडे येतील तेवढेच. नंतर जाल तेव्हा ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, गुलाबी कव्हरचा नकाशा घ्या, १:५०,००० चा, त्यात रस्त्यावर बाणासारखी खूण असते. एक बाण म्हणजे १:७ ते १:५ चढ, दोन बाण म्हणजे त्याहून खडा. दोन बाण दिसले की मी रूट बदलते, मुलं असोत नसोत. शेतकऱ्याच्या गाडीला गावातून शेतात जायचं होतं, चढ आला तर घोडा दमेल, दमू दे, असा तो रस्ता. आणि शेतातून जाणारी पायवाट दिसली, पिवळा बाण, तर त्यावर सायकलला हक्क नाही. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, घोडेस्वारांनाही खुली असलेली वाट, तिथे १९६८ च्या कायद्यानं आपल्याला परवानगी आहे, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. घोडा समोर असेल तर मागून घंटी मारू नका, लांबूनच हॅलो म्हणा, माणसाचा आवाज ऐकला की घोडा बिथरत नाही.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. इथे १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकऱ्यांना कुंपणाची झुडपं छाटता येत नाहीत, पक्ष्यांची घरटी असतात म्हणून. सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टर निघतात आणि हॉथॉर्न-ब्लॅकथॉर्नचे बारीक तुकडे रस्ताभर पसरतात, काटा आपल्या बाभळीच्या तोडीचा. एका ऑक्टोबरात मी एका कुटुंबाला वेलो गावाच्या बाजूला घेऊन गेले होते, पंक्चर काढलं, अर्ध्या मैलात तेच चाक परत बसलं. नवीन ट्यूब घातली, परत. तिसऱ्यांदा रस्त्याच्या कडेला बसून टायर आतून बोटानं चाचपला तर काही लागेना, मग टायर दोन्ही हातांनी दाबून उलटा वाकवला तेव्हा आतून दोन मिलिमीटरचं काळं टोक वर आलं. बाहेरून ते रबराच्या सपाटीला तुटलेलं होतं, दिसतच नव्हतं. नेलकटरनं पकडून ओढलं. तेव्हापासून नेलकटर माझ्या पाऊचमध्ये असतं, दोन ट्यूब असतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मी नवख्यांना फक्त रेल्वे पाथवर नेते. ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरवर कुठे होता त्याची खूण करून ठेवा, म्हणजे भोक सापडल्यावर काटा कुठे शोधायचा ते कळतं.

सायकल फॅन्सी नको. जाड-मध्यम टायरची हायब्रिड, ३५ ते ४० मिलिमीटर, सेकंडहँड चालेल. मडगार्ड मात्र हवेतच, इथे पाऊस थांबला तरी रस्ता दोन दिवस ओला असतो. वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून जाऊन-येऊन राइड असेल तर जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर, दमल्यावर मुलांना त्याचा फार फरक पडतो. ट्रेनचं म्हणाल तर इंटरसिटीत सायकलची जागा आधी बुक केलेली बरी आणि सायकल उभी टांगायची असते, तीन सायकली आणि मूल घेऊन ते जमवणं कठीण, तुमच्यासारख्यांनी सुरुवातीला गाडीला रॅक लावावा किंवा बाथमध्ये भाड्यानं घ्याव्या.

शाळेच्या मोठ्या सुट्टीत लांब जाणार असाल तर पीक डिस्ट्रिक्ट, हा डोंगराळ नॅशनल पार्कचा भाग, तिथेही जुन्या रेल्वेलाइनीच. टिसिंग्टन ट्रेल १३ मैलांची, १९७१ पासूनची, ती ॲशबर्नहून सुरू करा कारण ते खालचं टोक आहे, येताना उतार मिळतो. मॉन्सल ट्रेल साडेआठ मैल, तिथले बंद बोगदे २०११ ला उघडले, हेडस्टोन पुलावरचा व्ह्यू बघायलाच लोक येतात. कॉर्नवॉलची कॅमल ट्रेल पॅडस्टोपर्यंत सुंदर आहे, पण ऑगस्टमध्ये दुपारी तिथे सायकल ढकलत चालावी लागते, सकाळी आठला जायची तयारी असेल तरच. आणि सी टू सी, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे १४० मैल, मुलगी पंधराची झाली की आपण बोलू.

पहिल्या रविवारी एवढं करा. मुलीच्या ब्रेकचे लिव्हर तिच्या बोटांना नीट पोचतात का ते शनिवारीच घराबाहेर बघा, बऱ्याच लहान सायकलींवर ते लांब असतात आणि एका छोट्या स्क्रूनं जवळ आणता येतात. मिसेसची सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, पॅडल मारायला ते थोडं अवघड जाईल पण एवढ्या सपाटीवर चालतं, आणि पाय टेकतात हे कळलं की खांदे सैल पडतात. बाथपर्यंत पोचायलाच हवं असं काही धरू नका. तीन मैलांवर नदीवरचा पूल आला, पोरीला पाण्यात दगड टाकायचेत, तर तिथेच डबा उघडा आणि तिथूनच फिरा.